बर्फाच्या बादलीतला हात

अण्णा,

माझं पोट बिघडलंय. सव्वीस-सत्तावीस वर्षांनी तुम्हाला लिहायला बसलो आणि पहिलं वाक्य हे सुचलं, याचं मलाच हसू येतंय. पण सुरुवात खरोखर तिथूनच झाली. गेली दोन वर्षं ऑफिसात मोठी मीटिंग असली की पहाटेपासून पोटात मुरडा येतो. इथे परदेशात माझं घर सेंगकांगला, ऑफिस वन-नॉर्थला, आणि मधल्या एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, प्रवासात कुठल्या स्टेशनवर टॉयलेट कुठल्या टोकाला आहे, याचा नकाशा मला तोंडपाठ झालाय. सगळ्या तपासण्या झाल्या, नळ्या घालून झाल्या. शेवटी नोव्हेना भागातले डॉक्टर म्हणाले, आतड्यांत काही दोष नाही, तुमचं डोकं आणि तुमची आतडी यांचं आपसात पटत नाहीये. मग म्हणाले, यावर संमोहनाचा चांगला उपयोग होतो, आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे पाठवतो. मी त्यांच्या तोंडावर मोठ्याने हसलो. डॉक्टर बिचारे ओशाळले. त्यांना वाटलं, मी त्यांना भोंदू समजलो. त्यांना काय सांगणार, की मी संमोहन करणाऱ्याचाच मुलगा आहे, आणि त्याचं संमोहन बंद पाडणाराही मीच.

बायको म्हणाली, "जाऊन तर ये. पोट तुझं आणि भांडण कुणाशी?" तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. लग्न तुमच्यानंतर झालं. भिंतीवरच्या फोटोतले तुम्ही तिला कडक वाटता, आणि मी तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. कारण तुम्ही कडक नव्हतात हे सांगायचं, तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

तुम्ही कऱ्हाडच्या शाळेत चित्रकलेचे सर. दोन उन्हाळी सुट्ट्या मुंबईला एका डॉक्टरांकडे राहून तुम्ही हे शिकून आलात, आणि रविवारी सकाळी आपल्या पुढच्या खोलीत पोरं यायला लागली. परीक्षेला घाबरणारी, अडखळत बोलणारी, नखं कुरतडणारी. लोलक नव्हता, काळा कोट नव्हता, आणि डोळ्यांत डोळे घालून बघणं तर तुम्हाला असभ्यच वाटायचं. समोरच्या भिंतीवर, डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर, खडूचा एक ठिपका असायचा. पोराने त्याच्याकडे बघत राहायचं आणि तुम्ही दहापासून उलटे आकडे मोजायचे, ओल्या कागदावर रंग कसा पसरू द्यायचा हे वर्गात सांगायचात त्याच संथ आवाजात. "ही झोप नव्हे आणि वश होणंही नव्हे," तुम्ही पालकांना बजावायचात. "चित्र काढताना चहा गार होतो ना, ते हे. मन एका जागी बसलं की बाकीचं सगळं दाराबाहेर थांबतं. मी फक्त बसायला पाट देतो." परत आणताना एक ते पाच मोजायचं, आणि पाचला डोळे उघडायचे. एकदा एक मुलगा काही केल्या तंद्रीत जाईना म्हणून मी फिदीफिदी हसलो, तर तुम्ही मला उठवून बाहेर काढलंत. नंतर पायरीवर माझ्याशेजारी बसून म्हणालात, "जात नाही तो हट्टी नसतो, आणि जातो तो भोळा नसतो. दोघांनाही हसायचं नाही." मला त्यातलं पहिलं अर्धंच कळलं होतं.

जाणाऱ्यांत मी पहिल्या नंबरचा. माझ्यासाठी तुमचा पतंग ठरलेला होता. दोघांनी मिळून घाटावर उडवलेला, तुम्ही स्वतः घोटीव कागदाचा केलेला तो लाल पतंग. "तुझ्या मनगटाला त्याचा दोरा बांधलाय, वारा सुटलाय," असं तुम्ही म्हणायचात आणि माझा हात मांडीवरून सुटून वर जायचा. म्हणून शाळेच्या गॅदरिंगला दरवर्षी तुमच्या वीस मिनिटांच्या कार्यक्रमात समोर खुर्चीवर मी असायचो. अंगात येणं, करणी, वश करणं यांचं भय मुलांच्या मनातून जावं म्हणून तुम्ही तो कार्यक्रम करायचात. बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून लादी यायची. ती फोडून बादलीत टाकायची, पाणी ओतायचं, आणि आधी दहावीतल्या दांडगट पोरांना हात घालायला बोलवायचं. ती पोरं शेखी मिरवत यायची आणि हात झटकत परत जायची. मग मी. तुम्ही ठिपका दाखवायचात, आकडे मोजायचात, म्हणायचात, "आईने अंघोळीला पाणी काढलंय, कोमट आहे." मी कोपरापर्यंत हात बुडवायचो. गायनाच्या बाई पेटीवर एक समूहगीत सुरू करायच्या, ते संपेपर्यंत माझा हात आत. गाणं संपलं की टाळ्या, आणि तुम्ही टॉवेलने माझा हात पुसत सगळ्यांना सांगायचात, "यात माझी ताकद नाही. ही याच्या मनाची आहे, आणि ती तुम्हा सगळ्यांकडे आहे."

मला आतून काय व्हायचं ते आज सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. मला सगळं ऐकू यायचं. पेटीचा एक सूर दबलेला आहे हे कळायचं. ही बादली आहे आणि आत बर्फ आहे, हेही माहीत असायचं. मनात आलं तर हात काढता येईल, याची पक्की खात्री असायची. फक्त काढावासा वाटायचा नाही. आणि त्यावरून मी ठरवून टाकलं की हे काही खरं नव्हे. खरं संमोहन म्हणजे माणूस दगडासारखा पडतो, त्याला काही आठवत नाही. सगळे मित्र असंच म्हणायचे. ही झोप नव्हे, असं तुम्ही शंभरदा सांगितलं होतंत, पण घरच्या माणसाचं ऐकतो कोण? मी मनाशी अर्थ लावला की मी गुणी मुलगा आहे, चारचौघांत वडिलांची फजिती होऊ नये म्हणून सोंग वठवतोय. या समजुतीचा मला अभिमानही होता.

आता ते स्वयंपाकघर. मी सतरा वर्षांचा आहे, बारावीची परीक्षा दीड महिन्यावर आलीये. आई चपात्या लाटतेय. तुम्ही आणि जेवायला आलेले तुमच्या शाळेतले गणिताचे सर पाटावर बसलाय, मी भिंतीला टेकून ताटातला भात चिवडतोय. तुम्ही म्हणता, "रात्री नीट झोपत नाहीस. रविवारी बस माझ्यासमोर दहा मिनिटं." गणिताचे सर म्हणतात, "अरे, बस की. तू तर यांचा हुकमी एक्का." मला काय झालं माहीत नाही. त्या वयात बापाचा एक्का असणं म्हणजे कमीपणा वाटतो. मी म्हणालो, "अण्णा, मी कधी गेलोच नव्हतो. नाटक करायचो. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." आईचं लाटणं थांबलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रागाने नाही, एखादी रेघ चुकलीये का हे बघावं तसं. विचारलंत, "बर्फातसुद्धा?" मी म्हणालो, "हो. दात दाबून धरायचो." तुम्ही मान हलवलीत. "मग सोसलंस बरंच," एवढंच म्हणालात, आणि उरलेली चपाती आमटीत बुडवून सावकाश संपवलीत. आई रात्री माझ्याशी बोलली नाही.

तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं. पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. पुढच्या गॅदरिंगला घसा बसलाय म्हणून सांगितलंत. रविवारची पोरं हळूहळू बंद झाली. एकदा मी आतल्या खोलीत अभ्यास करत होतो आणि दारात एक बाई त्यांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. दहा-अकरा वर्षांची मुलगी, स्वतःचं नाव सांगताना पहिल्याच अक्षराला अडकलेली. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडून तसं काही होत नाही हो. माझा गैरसमज होता. मोठी झाली की बोलेल आपोआप." त्या बाई विनवत राहिल्या आणि तुम्ही पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिलात. भिंतीच्या अलीकडे मी पेन हातात धरून बसलो होतो. बाहेर येऊन एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं, पण मी बोललो नाही. भिंतीवरचा ठिपका पुढे रंगकामात पुसला गेला. मी पुण्याला नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी तुम्ही शाळेच्या जिन्यात छातीवर हात धरून बसलात ते उठला नाहीत. आपलं ते बोलणं पुन्हा कधी निघालंच नाही.

तर नोव्हेनाची ही बाई. साठीची, चिनी, एसी फार म्हणून खोलीतही लोकरीचं जाकीट घालून बसणारी. तिचं इंग्रजी मी तुम्हाला मराठीत सांगतो, फक्त इथले लोक वाक्याच्या शेवटी लावतात ते 'लाह' तसंच ठेवतो. तिने समोरच्या कॅलेंडरवरच्या एका आकड्याकडे बघायला सांगितलं आणि वीसपासून उलटं मोजायला लागली. मी मनात म्हटलं, बघा अण्णा, इथपर्यंत येऊन पुन्हा तोच ठिपका. आई असती तर म्हणाली असती, काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाई म्हणाली, तुमच्या मनगटाला एक फुगा बांधलाय. माझं मन म्हणालं, फुगा कसला? आणि माझा हात खुर्चीवरून उठला तो पतंगाच्या ओढीने. घाटावरचा वारा, दोऱ्याने बोटावर उठलेली रेघ, आणि मागे कुठेतरी तुम्ही. ती पोटाबद्दल काहीबाही सांगत होती, नदी संथ वाहतेय वगैरे. मी ऐकत होतो. एसीची घरघर ऐकत होतो. बाहेर कुणीतरी औषधांसाठी नंबर पुकारत होतं, तेही ऐकत होतो. मग तिने परत आणायला एक ते पाच मोजलं. तिला पाच दोनदा म्हणावं लागलं.

मी डोळे उघडले आणि सभ्य माणसासारखी माफी मागितली. म्हटलं, "तुम्ही छान केलंत, पण मी काही गेलो नाही. मला सगळं ऐकू येत होतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हात वर धरला." ती इतकी हसली की जाकिटाचं बटण सुटलं. "अय्या, सगळे असंच म्हणतात लाह. सगळे! मलाच सांभाळून घेतात." मग घड्याळ दाखवलं. मला दहा मिनिटं वाटली होती, चाळीस झाली होती. त्यातली पंधरा मिनिटं हात अधांतरी होता. ती म्हणाली, "हात खाली घ्यावासा वाटला नाही, एवढंच ना? तेच ते. तुम्हाला काय वाटलं, घंटा वाजणार?" माझा चेहरा बघून तिने जाकीट सारखं केलं आणि म्हणाली, "ओके. आता खरंच नाटक करा. तोच हात, तसाच वर धरा." मी धरला. ती इकडचं तिकडचं विचारत राहिली, मुलगी कितवीत आहे, सुट्टीत इंडियाला जाणार का. चौथ्या मिनिटाला खांदा थरथरायला लागला. पाचव्याला मी हात खाली टाकला आणि मला एकदम बादली आठवली.

तिला मी सगळं सांगितलं नाही, निम्मं सांगितलं. एक लहान मुलगा, बर्फ, एक गाणं. ती आधी गंभीर झाली, म्हणाली, आता मुलांबरोबर असं कुणी करत नाही हं. मग म्हणाली, "पण खांदे सैल होते का त्याचे?" मला गॅदरिंगचा एक जुना फोटो आठवला, आता माझ्या खणात असलेला. तुमच्या हातात टॉवेल, मी खुर्चीत, बादलीतून हात नुकताच बाहेर आलेला, आणि माझे खांदे उन्हात बसलेल्या मांजरासारखे सैल. दात दाबलेले नाहीत, अण्णा. तोंड किंचित उघडं आहे. तो फोटो मी शंभर वेळा पाहिला असेन, पण त्यातलं तोंड कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी मी खालच्या दुकानातून बर्फाच्या दोन पिशव्या आणल्या. बाथरूममध्ये बादली भरली. मुलीला फोनवर वेळ लावायला बसवलं. ती चौदा वर्षांची आहे. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं बरं चाललंय. "बाबा, व्हाय आर वुई डूइंग धिस?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांचा प्रयोग आहे. मी दात दाबून धरले आणि कोपरापर्यंत हात घातला. पहिल्यांदा गारवा, मग हाडात शिरणारी कळ, मग नुसती आग. हात माझ्या आधी बाहेर आला. "फॉर्टी-वन सेकंड्स ओन्ली," ती म्हणाली, आणि मग टॉवेल देत, "नेव्हर माइंड लाह, बाबा." मी पुन्हा घातला. दुसऱ्यांदा तेवढंही जमलं नाही. मी बाथरूमच्या दारात टॉवेलमध्ये हात गुंडाळून बसलो आणि ते समूहगीत मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बघितलं. तीन कडवी आहेत, आणि प्रत्येक कडव्यानंतर धृपद दोनदा. मला रडू आलं. मुलगी घाबरली. तिला वाटलं, हात दुखतोय.

दहा वर्षांचा हात आणि एक्कावन्न वर्षांचा हात सारखे नसतात, हे मलाही कळतं. पण कितीही वळवून बघितलं तरी एकच निघतं. त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला माहीत नव्हतं. मी नाटक करत नव्हतो, अण्णा. मी जात होतो. दर वेळी जात होतो. तुमचा पाट खरा होता, पतंग खरा होता, कोमट पाणी खरं होतं. तुम्ही मला ओळखून होतात, मीच मला ओळखत नव्हतो. आणि तुम्ही इतके प्रामाणिक, की एकुलत्या एका साक्षीदाराने साक्ष फिरवल्यावर तुम्ही सगळा कारखानाच बंद केलात. ती अडखळणारी मुलगी आता चाळिशीची असेल. ती बोलायला लागली का, हे मला कधीच कळणार नाही.

मी बाईला तिसऱ्या खेपेला विचारलंच. म्हटलं, मला तिथे मागे नेता येईल का? वडिलांचा आवाज ऐकायचाय. कारण तुमचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. कॅसेट नाही, काही नाही. शब्द आठवतात, संथपणा आठवतो, आवाज आठवत नाही. तिने जाकिटाची बटणं लावली. मग म्हणाली, "ऐकू येईल. पण तो तुम्हीच बनवलेला असेल, आणि इतका खरा वाटेल की नंतर दुसरं काही पटणार नाही. मी नेणार नाही." मला तुमचीच आठवण झाली. तुम्हीही नाही म्हणाला असतात. पोट बरंच बरं आहे. परवा सेरंगूनला गाडी बदलली ते मला आठवतच नाही, सरळ वन-नॉर्थलाच भानावर आलो, आणि टॉयलेट शोधलं नाही. तुम्ही म्हणाला असतात, बघ, झालास ना एका जागी.

हे कागद कुठे टाकायचे ते माहीत नाही. कऱ्हाडच्या घरात आता दुसरे लोक राहतात, आणि पुढच्या खोलीत त्यांचा टीव्ही आहे. आईला वाचून दाखवलं असतं, पण तीही तुमच्याकडेच आली. मुलीला मराठी वाचता येत नाही. तेव्हा हे माझ्याच खणात राहील, तुमच्या त्या फोटोखाली.

आणि एक राहिलं. नाटक नव्हतंच म्हटलं खरं, पण थोडं होतं. परत आणताना तुम्ही मोजायचात ना, तेव्हा तीनलाच मी पुरता जागा झालेला असायचो. पंखा, आईच्या बांगड्या, रस्त्यावरची सायकलची घंटी, सगळं स्वच्छ ऐकू यायचं. डोळे उघडायला काही हरकत नव्हती. पण चार म्हणताना तुमचा हात माझ्या डोक्यावर यायचा, खडूने कोरडा पडलेला, आणि पाच म्हणेपर्यंत तिथेच असायचा. एरवी तुम्ही कधी असा हात ठेवला नाहीत. आपल्या घरात ती पद्धत नव्हती. म्हणून मी डोळे मिटून बसून राहायचो. नोव्हेनालाही तसाच बसून राहिलो. बाईने चार म्हटलं. मग पाच म्हटलं. मग पुन्हा एकदा पाच म्हटलं.